रंग आला की जा

निरंजन ऑफिसचे कपडे घालून हॉलमधल्या माशांच्या टँकसमोर उकिडवा बसला होता. टाय अजून हातातच होता.

"शरयू, जरा इकडे ये," तो म्हणाला. "हा बघ. काल असा नव्हता ना?"

मी चहाचे कप टेबलावर ठेवून त्याच्याशेजारी बसले. टँकच्या डाव्या अंगाला सांबराच्या शिंगांसारखं फुटलेलं एक प्रवाळ होतं. आम्ही त्याला शिंगाड्या म्हणायचो. मूळचा गर्द हिरवा, शेंड्यांना जांभळी झाक. त्या सकाळी त्याचे शेंडे पांढरेफटक पडले होते आणि तो पांढरेपणा खाली उतरत चालला होता.

"मेला का?" निरंजनने विचारलं.

मी टॉर्च मारून जवळून पाहिलं. पांढऱ्या फांदीवर बारीक बारीक तोंडं अजून उघडझाप करत होती.

"मेला नाही. उपाशी पडतोय. ह्याच्या कातडीत डोळ्यांना न दिसणारी शैवालं राहतात. ती उजेडावर अन्न करतात आणि ह्यालाही भरवतात. फार ताण पडला की हा त्यांनाच बाहेर काढतो. मग आपल्याला दिसतो तो कातडीच्या आतला सांगाडा."

"आणि ताण कसला पडला?"

मी वर बघितलं. टँकवर तारांनी टांगलेले नवे दिवे निरंजनने नाताळच्या सुमारास लावले होते. जुन्या दिव्यांच्या दुप्पट उजेड. त्याला सांगायला मला जड गेलं, कारण ते दिवे त्याने किती हौसेने लावले होते ते मी पाहिलं होतं.

"उजेड जास्त झाला असावा," मी म्हटलं.

त्याने टाय गळ्यात अडकवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मग तूच बघ आता. माझ्या घरात बायॉलॉजीची टीचर आहे, मला कशाची काळजी."

ही तेरा-चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट, मस्कतमधली. मी मूळची वेंगुर्ल्याची. तिथल्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. निरंजन पेडणेकरचं स्थळ आलं तेव्हा तो मस्कतला समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात इंजिनिअर होता. बैठकीतच मी सांगितलं होतं, नोकरी सोडणार नाही. तो म्हणाला होता, "सोडू नकोस. वर्षभराची बिनपगारी रजा घे, ये, बघ, नाही आवडलं तर परत जा. पुढचं आपण ठरवू." इतकं समजूतदार बोलणारा मुलगा मी त्याआधी पाहिला नव्हता.

आणि तो खरंच समजूतदार होता. त्याने कधी आवाज चढवला नाही. भाजीला जाते म्हटलं की म्हणायचा, "एवढ्या उन्हात कशाला, येताना मी आणतो." गाडी शिकते म्हटलं तर, "इथली माणसं कशी चालवतात बघितलंस ना? माझा जीव टांगणीला लागेल." पासपोर्ट त्याने आल्या आल्या ऑफिसच्या तिजोरीत नेऊन ठेवला. घरात उगाच हरवायला नको म्हणून. यातल्या एकाही गोष्टीवर भांडावं असं काही नव्हतं. पण सहा महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की शुक्रवारी त्याच्याबरोबर बाहेर पडते तेवढीच मी घराबाहेर पडते. दाराला आतून साधी कडी होती. ती काढून मी कुठे जाणार होते, एवढाच प्रश्न होता. खिडक्या एसीसाठी कायमच्या बंद केलेल्या. त्यांतून दिसायचं ते गाड्या लावायचं मैदान आणि त्यामागचे करडे, उघडेबोडके डोंगर. वेंगुर्ल्याला आमच्या परसदारी समुद्राची गाज ऐकू यायची. इथे समुद्र होता तो हॉलमधल्या चार फुटी काचेत, आणि त्याचा आवाज म्हणजे खालच्या कपाटातल्या पंपाची घरघर.

जानेवारी संपत आला तेव्हा आमच्या कॉलेजचे प्राचार्य सामंतसर यांचा फोन आला.

"काय मॅडम, जूनला येताय ना? तुमच्या जागेवर तात्पुरती मुलगी घेतलीय. चांगली आहे. तुम्ही येणार नसाल तर तिलाच कायम करून टाकतो. तिचंही आयुष्य लटकलेलं नको."

"येणार आहे, सर," मी म्हटलं.

संध्याकाळी मी निरंजनला सांगितलं. तो टँकसमोरच बसला होता. तोवर शिंगाड्याच्या जोडीला दुसरे दोघेही पांढरे पडले होते. एकाला आम्ही मेंदू म्हणायचो, तसाच गोल आणि वळ्यावळ्यांचा होता. दुसरी पानकोबी, पापुद्र्यांवर पापुद्रे असलेली, एरवी केशरी. आता तिघेही मिठाच्या खड्यांसारखे दिसत होते. निरंजनचा चेहरा अगदी उतरला होता.

"जा की," तो म्हणाला. "मी कधी नाही म्हटलंय? पण हे असं टाकून जाशील का? यांचा रंग परत येऊ दे. रंग आला की जा."

"नक्की?"

"अगं, नक्की म्हणजे काय. मीच तिकीट काढून देईन."

त्या दिवसापासून माझ्या दिवसाला काम मिळालं. आधी मी दिवे तारांवर वर ओढून घेतले. दिव्यांच्या पेटीला दोन गोल बटणं होती, एक निळ्या उजेडाचं, एक पांढऱ्या. ती मी मागे फिरवून उजेड खूप कमी केला आणि ती कुठे ठेवायची त्याची खूण म्हणून नेलपॉलिशचे ठिपके दिले. पाणी किती गरम, किती खारट, त्यात चुना किती, हे रोज मोजायला लागले. यांना औषध असं नव्हतंच. सगळं काही दररोज सारखंच राहील एवढं बघायचं, आणि खायला घालायचं.

खायला घालायचं, हे मला बद्रियाने सांगितलं.

बद्रिया भेटली ती माशांच्या दुकानात. आम्ही शुक्रवारी टँकसाठी मीठ घ्यायला गेलो होतो. निरंजन दुकानदाराला प्रवाळांबद्दल सांगत होता आणि दुकानदार त्याला कसल्या कसल्या बाटल्या दाखवत होता. बाजूला काळ्या पायघोळ अबायातली, चाळिशी उलटलेली एक बाई ऐकत उभी होती. ती माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "यातली एकही घेऊ नका. तुमचं पाणी फार स्वच्छ असणार. त्यात खायला काही उरलेलंच नसणार."

ती दातांची डॉक्टर होती आणि तिच्या घरी आमच्या तिप्पट मोठा टँक होता. पुढच्या आठवड्यात ती स्वतः गाडी चालवत आमच्याकडे आली. चपला दाराशी काढल्या, अबायाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि टँकसमोर जमिनीवर बसली.

"मासे कोण खायला घालतं?"

"मी."

"दुप्पट घाल. आणि यांना वेगळं. ड्रॉपरने, अगदी बारीक कोळंबीचं पाणी, संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर. तेव्हा ही तोंडं उघडतात. आणि तो पाणी गाळायचा पांढरा बोळा काढून टाक. तुझा नवरा फार काळजी घेतो यांची."

"हो," मी म्हटलं. "फार घेतो."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. 

मी रोज तिन्हीसांजेला टँकशी स्टुल लावून बसायचे आणि ड्रॉपरने एकेका तोंडाशी थेंब सोडायचे. मेंदूच्या वळ्यांतून काचेसारख्या सोंडा बाहेर यायच्या, थेंबातलं काही पकडून हळूच आत ओढून घ्यायच्या. इतका अशक्त जीव, पण खाण्यावर वासना होती. ते बघून मला बरं वाटायचं. कधीकधी वाटायचं, दिवसभरात मी पाहिलेलं हे एवढंच खरं आहे.

आईचा फोन रविवारी यायचा. जूनचं म्हटलं की ती विषय बदलायची.

"अगो, इतको चांगलो घोव गावलो तुका," ती एकदा म्हणाली. "दारू नाय, सिगारेट नाय, सासूचो जाच नाय. आणखी काय होया?"

"आये, माजी नोकरी आसा थंय."

"नोकरी काय, थंयसुद्दा गावतली. माणूस गावणा नाय."

मी फोन ठेवायचे आणि ड्रॉपर घ्यायचे. आईला समजावण्यापेक्षा मेंदूला भरवणं सोपं होतं.

मार्चमध्ये पांढऱ्यावर मळकट तपकिरी रंग चढायला लागला. मी खूश होते. निरंजन मात्र एका सकाळी काचेवर बोट आपटून म्हणाला, "हे काय? शेणासारखा रंग आलाय. बिघडले."

"बिघडले नाहीत. शैवालं परतलीत. आधी असंच दिसतं. खरे रंग त्यानंतर येतात."

"उजेड वाढवून बघू का? उजेडानेच रंग येतो ना?"

"नको."

"थोडाच."

"नको म्हटलं ना, निरंजन. माझ्यावर सोपवलंस ना तू?"

माझा आवाज जरा कडक निघाला असावा. त्याने हात मागे घेतला. "बरं बाई, तुझं राज्य," असं हसून म्हणाला आणि ऑफिसला गेला. मी मागे उभी राहून माझाच आवाज आठवत राहिले. बऱ्याच दिवसांनी तो ऐकला होता. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज.

मग मी बटणं अगदी केसाकेसाने वाढवत नेली, दर काही दिवसांनी नेलपॉलिशचा नवा ठिपका. एप्रिल उजाडला आणि एका दुपारी पानकोबीच्या कडेला केशरी रेघ दिसली. मला खरं वाटेना. मी हॉलचे पडदे ओढून पुन्हा पाहिलं. मग शिंगाड्याच्या बुडात हिरवा आला. मेंदूच्या वळ्यांत लालसर झाक. महिना अर्धा झाला तोवर टँक पूर्वीपेक्षा देखणा दिसायला लागला होता. निरंजनने ऑफिसातल्या दोघांना जेवायला बोलावलं आणि त्यांना टँकसमोर उभं करून माझं इतकं कौतुक केलं, की मला कुठे बघावं कळेना.

ते गेल्यावर ताटं उचलताना मी म्हटलं, "आता तिकिटाचं बघूया ना? जूनचा पहिला आठवडा."

तो टेबल पुसत होता. पुसतच राहिला.

"बघूया," तो म्हणाला. "अजून आठवडाभर स्थिर राहू देत. मग लगेच."

त्यानंतर आठ दिवस गेले असतील नसतील, शिंगाड्याचे शेंडे पुन्हा फिके दिसायला लागले.

मी आधी स्वतःलाच म्हटलं, भास असेल. दुसऱ्या दिवशी पानकोबीची केशरी कड पुसट झाली होती. मी पाणी मोजलं, ठीक. उष्णता, ठीक. बटणं नेलपॉलिशच्या ठिपक्यांवर अगदी बरोबर. चुना बरोबर, मीठ बरोबर. कुठेच काही चुकत नव्हतं. मी खायला घालणं वाढवलं. पाण्यात हात घालायच्या आधी कोपरापर्यंत धुवायला लागले. पाठोपाठ मेंदूची लाली उतरली.

"बिचारे," निरंजन म्हणाला. संध्याकाळी तो माझ्या खांद्यावर हात टाकून टँकसमोर बसला. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. पुन्हा होतील बरे. तू आहेस ना."

त्या रात्री जेवण गेलं नाही. मला त्या प्रवाळांचं वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. ते बरे होणार, पुन्हा फिके पडणार, मी पुन्हा बरे करणार, आणि जून येऊन जाणार. मग पुढचा जून. कॉलेजातली ती चांगली मुलगी कायम होणार. मी त्या स्टुलावर ड्रॉपर घेऊन बसलेली.

मी बद्रियाला फोन केला. तिने सगळे आकडे ऐकून घेतले.

"यात काही चूक नाही," ती म्हणाली. "मला तर हे उजेडाने भाजल्यासारखं वाटतंय."

"उजेड वाढवलेलाच नाही."

"मग मला कळत नाही," ती म्हणाली.

मस्कतला तेव्हा बऱ्याच ऑफिसांना दुपारी मोठी सुट्टी असायची. निरंजन जेवायला घरी यायचा आणि चार वाजता परत जायचा. जेवण झालं की मला म्हणायचा, "तू पड जरा, मी आवरतो." मी पडायचे. तो जाण्याआधी चहा करून मला उठवायचा. सुरुवातीला या चहाचं मला किती अप्रूप होतं.

त्या दिवशी डोळा लागला नाही. कपाळ ठणकत होतं म्हणून गोळी घ्यायला मी उठले. खोलीचं दार उघडलं तर बोळातली समोरची भिंत पांढरीशुभ्र झाली होती. दुपारच्या वेळी आमच्या बोळात कधीच उजेड नसायचा.

मी अनवाणीच चार पावलं पुढे गेले आणि कोपऱ्याशी थांबले.

टँकवरचे दिवे पूर्ण पेटलेले होते. इतका लख्ख उजेड, की मासे दगडांच्या खाली दडले होते. निरंजन समोर सोफ्यावर बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता. दवाखान्यात आपल्या माणसाला इंजेक्शन देताना आपण बाहेरच्या बाकावर बसतो ना, तसा बसला होता. मधेच त्याने घड्याळ बघितलं. मग उठला, स्टुलावर चढला आणि दोन्ही बटणं हळूहळू मागे फिरवली. वाकून, डोळे बारीक करून, ती माझ्या ठिपक्यांवर नीट बसवली. स्टुल होतं तिथे ठेवलं. आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं.

मी परत येऊन पलंगावर पडले. थोड्या वेळाने त्याने हाक मारली, "शरयू, ऊठ, चहा झालाय."

मी उठले. चहा प्यायले. साखर बरोबर होती. तो गेला, त्याच्या पावलांचा आवाज जिन्यात विरला आणि मी कितीतरी वेळ त्या कपाकडे बघत बसले. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मनातली ती भीतीही गेली होती. माझ्या हातून काय चुकतंय हे इतके दिवस शोधत होते. माझं काही चुकत नव्हतं.

मग मी बद्रियाला फोन लावला.

"तुझ्याकडे जागा आहे?"

"कुणाला?"

"तिघांना. आणि कोपऱ्यातल्या छोट्या प्रवाळांना. सगळ्यांनाच."

 "तुझ्या नवऱ्याला माहीत आहे?"

"तू नेलेस की मी सांगणार आहे. त्याला ते परत हवे असतील तेव्हा तो तुझ्याकडे येऊन मागून नेईल. ते त्याचेच आहेत. पण या घरात ते जगणार नाहीत, बद्रिया. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

तिने काय बघितलंस असं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी निरंजन सकाळी ऑफिसला गेला आणि पाठोपाठ ती आली, गाडीच्या मागे मासळीच्या असतात तसल्या थंड पेट्या घेऊन. आम्ही दोघींनी पेट्यांत टँकचंच पाणी भरलं. मी दंडापर्यंत हात आत घालून एकेकाला दगडापासून सोडवलं. शिंगाड्याच्या दोन फांद्या मोडल्या तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघाला. बद्रिया म्हणाली, "राहू दे. त्या फांद्याही जगतील. वेगळ्या लावू, वेगळ्या वाढतील." मेंदूला मी दोन्ही तळव्यांवर उचललं. तो मला वाटला होता त्याहून जड होता.

ती निघाली तेव्हा दाराशी थांबली. "तुला माझ्याबरोबर यायचंय का?"

मनात आलं, जावं. पण मी म्हटलं, "नाही. मी पळून गेले असं त्याला म्हणायला मिळायला नको. मला त्याच्यासमोर निघायचंय."

निरंजन त्या दुपारी जेवायला आला. दाराची किल्ली टेबलावर ठेवताना त्याचं लक्ष गेलं. मासे फिरत होते, पंप चालू होता, आणि दगड उघडे होते.

तो काचेशी गेला आणि वाकून आत बघितलं.

"कुठे आहेत?"

"बद्रियाकडे."

"का?"

"तिथे दुपारी कुणी दिवे वाढवणार नाही."

 तो बूटही न काढता सोफ्यावर बसला, काल बसला होता तिथेच. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं होतं तो नाकारेल, किंवा चिडेल. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"किती दिवस करत होतास?" मी विचारलं.

"तू तिकिटाचं म्हणालीस त्याच्यानंतर." आवाज अगदी खाली गेला होता. "मी त्यांना मारणार नव्हतो. थोडे फिके झाले की थांबणार होतो."

"मग?"

"मग काही नाही. तू आणखी थोडी राहिली असतीस."

"निरंजन, मी राहावं असं तुला वाटत होतं तर तसं विचारायचंस. मला एकदा तरी विचारायचंस, शरयू, तू राहतेस का म्हणून."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या वर्षभरात त्याने इतकं सरळ तेव्हाच पाहिलं असेल.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," तो म्हणाला.

ते खरं होतं. आणि त्याला ते पहिल्यापासून माहीत होतं. भाजी आणताना, पासपोर्ट तिजोरीत ठेवताना, मला गाडी शिकू न देताना, बैठकीत 'नाही आवडलं तर परत जा' असं म्हणतानासुद्धा. म्हणून त्याने वर्षभर माझ्याबद्दलच्या कुठल्याच गोष्टीत मला प्रश्न विचारला नव्हता. त्याने फक्त काळजी घेतली होती.

जेवण तसंच राहिलं. तो चार वाजता ऑफिसला गेला आणि संध्याकाळी परतला तेव्हा त्याच्या हातात माझा पासपोर्ट होता. तो त्याने टेबलावर ठेवला आणि माशांना खायला घालायला गेला. मी जूनची वाट बघितली नाही. त्याच आठवड्यातलं गोव्याचं विमान घेतलं.

आमचं लग्न कागदावर त्यानंतर दोन वर्षं होतं. मग दोघांनी मिळून अर्ज केला. भांडण झालं नाही, भांडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आई वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही, मग बोलायला लागली. मी वेंगुर्ल्याला वर्गात उभी राहिले आणि पहिले काही दिवस माझा आवाज पहिल्या बाकाच्या पुढे जाईना. नंतर गेला. बद्रियाने अधूनमधून फोटो पाठवले. एकदा तिने कळवलं, निरंजन तिच्याकडे आला होता. टँकसमोर खूप वेळ बसला, ड्रॉपर कसा धरायचा ते विचारलं, आणि काही न नेता गेला. पुढच्या वर्षी पुन्हा आला आणि एक छोटी फांदी मागून घेऊन गेला. ती अजून आहे म्हणतात.

पण मला त्याची आठवण येते ती निघायच्या दिवसाची. विमानतळावर मला त्यानेच सोडलं. मी टॅक्सीने जाते म्हटलं होतं, पण त्याने आधीच बॅग गाडीत नेऊन ठेवली होती.  डावीकडे समुद्र होता, सकाळच्या उन्हात अगदी सपाट. विमानतळाच्या अलीकडच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा समोर बघतच त्याने विचारलं, "परत येशील का?"

"नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. सिग्नल सुटला. त्याने गाडी लावली, माझी बॅग उतरवली आणि ट्रॉली घेऊन आला. चार पावलं गेल्यावर तिचं एक चाक अडायला लागलं. मी म्हटलं, चालेल. तो थांबला, खाली वाकून चाक बघितलं, आणि म्हणाला, "बदलून आणू का?"

"आण," मी म्हटलं.